सासऱ्यांच्या कोटातली माणसं

सलग तिसऱ्या दिवशी सासऱ्यांच्या कपाळावर ट्यूबलाइट उगवली, तेव्हा चांगदेव शिरसाटांनी ट्यूबलाइट बंद केली. मग कपाळावर खिडकी आली. खिडकीचा पडदा ओढला, तर सासऱ्यांच्या काळ्या कोटात खुद्द जावई दिसू लागले, बनियनमध्ये, दोन्ही हात वर करून.

शकूने मागून मोबाइलमध्ये डोकावून बघितलं.

"हात वर कशाला केलेत?"

"मोबाइल नको धरायला?"

"बाबांनी तुम्हाला चोरी करताना पकडलंय असं दिसतंय."

ठाण्यात वर्तकनगरच्या तिसऱ्या मजल्यावरच्या त्या घरात बुद्धाच्या तसबिरीशेजारी धोंडिबांचा फोटो गेली वीस वर्षं होता. धोंडिबा म्हणजे शकूचे वडील. रेल्वेत गँगमन होते, आंबिवलीला राहायचे. आयुष्यात त्यांनी एकच फोटो काढून घेतला, एकोणऐंशी साली कल्याणच्या एका स्टुडिओत, स्टुडिओनेच दिलेला काळा कोट घालून. कोट दोन मापं मोठा होता, त्यामुळे फोटोत वर थोडे धोंडिबा आणि खाली पुष्कळ कोट असा प्रकार झाला होता. दोन हजार पाचच्या पाण्यात आंबिवलीचं घर बुडालं तेव्हा हा फोटो भिजला आणि वाळता वाळता फ्रेमच्या काचेला चिकटून बसला. मग शकूने तो कोरड्या जागी म्हणून आपल्या घरी आणला आणि आईच्या देखत धाकट्या भावाला शब्द दिला, "राजरत्न, तुझं स्वतःचं पक्कं घर झालं की बाबा तुझ्याकडे."

राजरत्नला पक्कं घर व्हायला वीस वर्षं लागली. एवढ्या काळात आपण असा काही शब्द दिलाय हे शकू जवळजवळ विसरून गेली होती. आणि गेल्या आठवड्यात फोन आला. "ताई, आंबिवलीच्या फ्लॅटची चावी मिळाली. रविवारी गृहप्रवेश आहे. बाबांना घेऊन ये."

"आणते की रे," शकू म्हणाली आणि फोन ठेवून फोटोची काच पुसत बसली. ती तशी मुळीच रडकी बाई नव्हती. पण रोज संध्याकाळी मेणबत्ती लावून झाली की दिवसभरात काय घडलं ते फोटोला सांगायची तिची सवय होती. गॅस आला, भाजी महागली, यांनी पुन्हा चष्मा हरवला. आता हे सगळं रिकाम्या खिळ्याला सांगायचं की काय? शब्द तर मोडायचा नव्हता. तेव्हा रविवारच्या आत फोटोची हुबेहूब नक्कल करून घेणं हा एकच मार्ग उरला.

फ्रेमवाला म्हणाला, काच काढली तर चेहरा काचेबरोबर येईल. झेरॉक्सवाल्याच्या मशीनच्या झाकणाखाली फ्रेम मावेना. तिसऱ्या एका हुशार दुकानदाराने मोबाइलवरच्या अंधुक फोटोवर कॉम्प्युटरची करामत करून एक झळझळीत धोंडिबा काढून दिले. ते गोरेपान होते आणि सगळे दात दाखवून हसत होते.

"हे बाबा नाहीत," शकूने निकाल दिला. "हे कुणाच्या तरी लग्नात उगाच पुढे पुढे करणारे पाहुणे आहेत."

शेवटी चांगदेवांनी कपाटातून आपला जुना फिल्मचा कॅमेरा काढला. चांगदेव बाळकुमच्या बाजूला एका बाटल्यांच्या कारखान्यात एकतीस वर्षं तपासनीस होते. पट्ट्यावरून बाटली सरकत आली की दिव्यापुढे बघायचं आणि ओके किंवा रिजेक्ट म्हणायचं, हे त्यांचं काम. निवृत्तीनंतर बाटल्या गेल्या, पण म्हणणं राहिलं. भाकरी, हवामान, मुलीला सांगून आलेली स्थळं, सगळ्यांना याच दोन शिक्क्यांतून जावं लागे. सासऱ्यांच्या फोटोलाही त्यांनी लग्नानंतर पहिल्याच महिन्यात सासरवाडीत शिक्का मारला होता.

"नजर कॅमेऱ्यात नाहीये. जरा डावीकडे गेलीये. स्टुडिओवाल्याने हा पास कसा केला?"

"असू दे," शकू तेव्हा एवढंच म्हणाली होती.

फिल्म हल्ली मिळते कुठे याची चौकशी करता करता चांगदेव गुरुवारी डोंबिवलीला ऋतुराजकडे पोचले. हा सत्तावीस वर्षांचा मुलगा नोकरी सांभाळून घरच्या बाथरूममध्ये लोकांचे रोल धुऊन द्यायचा. त्यामुळे त्याच्या घरात अंघोळीच्या वेळा भिंतीवर लिहून लावलेल्या होत्या. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि खणातून बांगडीएवढ्या कडीत बसवलेली एक करडी काच काढली.

"काका, हा पोलरायझर. लेन्सवर लावायचा आणि पुढची रिंग फिरवायची. हे बघा, त्या शोकेसकडे बघा."

चांगदेवांनी डोळ्यापुढे फिल्टर धरला. शोकेसच्या काचेवर समोरच्या खिडकीचा पांढरा चौकोन पडला होता. ऋतुराजने रिंग हळूच फिरवली. चौकोन विरत गेला आणि आतले कप, बश्या, ऋतुराजच्या वडिलांची कॅरमची ढाल, सगळं लख्ख दिसू लागलं. काच जणू तिथे नव्हतीच. एकतीस वर्षं काच बघितलेल्या माणसाला असं कुणी काच नाहीशी करून दाखवली नव्हती. त्यांना फार आनंद झाला, पण तो त्यांनी चेहऱ्यावर येऊ दिला नाही.

"ठीक आहे," ते म्हणाले. "पण मूळ फोटो ब्लॅक अँड व्हाइट आहे. त्याला चालेल का?"

"चालतो ना. लाल-पिवळे फिल्टर असतात ते फक्त ब्लॅक अँड व्हाइटचे. हा दोन्हीकडे चालतो. रंगीत फिल्मवर निळं आकाश अजून निळं होतं, ब्लॅक अँड व्हाइटवर तेच गडद करडं येतं. पाण्यावरची, काचेवरची चमक दोन्हीत जाते. फक्त हा उजेड खातो, तुमच्या कॅमेऱ्याचं उजेड मोजायचं मीटर बंद आहे म्हणताय, तर दोन स्टॉप जास्त द्या, म्हणजे चौपट उजेड. आणि काका, मेन म्हणजे काचेच्या समोर उभं..."

"बाळा, मी एकतीस वर्षं काच तपासलीये," चांगदेव उठत म्हणाले. "काचेसमोर कसं उभं राहायचं ते मला माहितीये."

ऋतुराज वयाने लहान होता, म्हणून गप्प बसला. सगळा घोटाळा इथे सुरू झाला.

शुक्रवारी सकाळी चांगदेव फोटोसमोर काटकोनात उभे राहिले आणि त्यांनी रिंग फिरवली. सासऱ्यांच्या कोटात जावई तसेच. त्यांनी उजवीकडे फिरवली, डावीकडे फिरवली, चार पूर्ण फेरे झाले. कोटातले जावईही मन लावून रिंग फिरवत होते. फिल्टर नीट बसला नसेल म्हणून त्यांनी तो आवळला, मग आणखी आवळला. तिसऱ्यांदा आवळल्यावर तो असा गच्च बसला की सांडशीनेही हलेना. हात टेकून त्यांनी डोंबिवलीला फोन लावला.

"काका, तेच सांगत होतो मी," ऋतुराज म्हणाला. "समोरून बघितलं तर हा काहीच करत नाही. काचेकडे तिरकं बघायला लागतं, चांगलं बाजूने. तेव्हाच चमक कापतो."

चांगदेव फोटोच्या बाजूला भिंतीला खेटून उभे राहिले. रिंग फिरवली आणि ट्यूबलाइट गेली, खिडकी गेली, जावई गेले. स्वच्छ, नितळ धोंडिबा दिसू लागले. त्यांनी विजयी मुद्रेने शकूला डोळा लावायला सांगितला.

"अहो, पण बाबा अर्धेच दिसतायत."

"अर्धे कुठे? तिरके आहेत."

"एवढे बारीक ते आजारपणातही नव्हते."

पुन्हा फोन झाला. ऋतुराजने शांतपणे उपाय सांगितला. समोरूनच घ्या, पण कॅमेऱ्याच्या मागे मोठं काळं कापड धरा. काचेत दिसायला काही उजळ राहिलंच नाही की चमक येणार नाही. फिल्टर निघत नसेल तर राहू दे, मात्र तो उजेड खाणार, म्हणून घरात नको, गच्चीवर सावलीत घ्या.

"म्हणजे फिल्टरचं काम कापड करणार?" चांगदेवांनी विचारलं.

"हो काका."

"मग फिल्टर काय करणार?"

"काही नाही. तो फक्त लावलेला असेल."

चांगदेवांच्या कारखान्यात असे दोन साहेब होते, त्यामुळे त्यांना ते लगेच समजलं.

शनिवारी सकाळी नवरा-बायकोने फोटो गच्चीवर नेला. गच्चीची चावी सोसायटीचे सेक्रेटरी रघु यांच्याकडे असे. ती त्यांनी काही न विचारता दिली. पाण्याच्या टाकीच्या सावलीत शकूने धुतलेला पाट मांडला, त्यावर स्वच्छ पांढरा टॉवेल घातला आणि भिंतीला टेकवून बाबांना ठेवलं. समोर चटई टाकली. ट्रायपॉडचा एक पाय मुलीच्या लग्नातच मोडला होता, म्हणून कॅमेरा उपड्या बादलीवर बसला आणि चांगदेव त्यामागे पोटावर आडवे झाले. जुन्या काळ्या शालीला दोन काळ्या ओढण्या जोडून शकूने मोठं कापड शिवलं होतं. दोघांचे मोबाइल घरीच ठेवले होते, कारण शटर सावकाश चालणार होतं आणि मोबाइलच्या थरथरीने फोटो हलेल असं चांगदेवांचं म्हणणं होतं.

पावणेनऊला रघु टाकीतलं पाणी बघायला वर आले. त्यांना दारातून दिसलं ते एवढंच. पाटावर एका वृद्ध गृहस्थांचा फोटो, समोर चटईवर डोकं टेकलेले शिरसाट आणि हातात काळं कापड घेऊन खाली मान घालून बसलेल्या वहिनी. रघु हळव्या मनाचे होते. त्यांनी दारातच चपला काढल्या, हात जोडले आणि आवाज न करता खाली गेले. मग सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं, "बी विंगमधील शिरसाट कुटुंबावर कोसळलेल्या दुःखात सोसायटी सहभागी आहे. फोटो गच्चीवर ठेवला आहे."

साडेनऊला ते हार आणि सहा शेजारी घेऊन परत आले. चांगदेवांचे वीस फोटो तोवर काढून झाले होते आणि दोन स्टॉप जास्त द्यायचे असतात हे त्यांना नुकतंच आठवलं होतं. ते काही बोलायच्या आत रघुंनी पुढे होऊन फोटोला हार घातला. सगळे दोन मिनिटं स्तब्ध उभे राहिले. शकूलाही उभं राहावं लागलं.

"कधी गेले?" रघुंनी हलक्या आवाजात विचारलं.

"चौऱ्याऐंशी साली," चांगदेव म्हणाले.

रघुंनी फोटोकडे बघितलं, मग कॅमेऱ्याकडे, मग बादलीकडे.

"म्हणजे एकोणीसशे?"

"एकोणीसशे चौऱ्याऐंशी. माझे सासरे. तुम्ही जरा उन्हातून बाजूला व्हा, काचेत तुमचा शर्ट येतोय."

शेजारी एकमेकांकडे बघत खाली गेले. त्यातल्या दोघींनी चहाचा डबा पाठवायचं कबूल केलं होतं, तो शब्द त्यांनी पाळला. रघुंनीही ग्रुपवर दुरुस्ती टाकली. पण राजरत्नच्या ऑफिसातला एक जण याच सोसायटीत भाड्याने राहायचा, त्याने पहिला निरोप आंबिवलीला केव्हाच कळवला होता. राजरत्नने ताईला पाच आणि भाऊजींना नऊ फोन केले. कुणीच उचलला नाही. शिरसाट कुटुंबात ताई आणि भाऊजी दोघंच. ताईने फोन उचलला नाही म्हणजे ती रडत असणार, आणि भाऊजींनी उचलला नाही म्हणजे ते आता कधीच उचलणार नाहीत, असा हिशेब करून तो पांढरा सदरा-लेंगा घालून निघाला. बरोबर हौसाआत्या होत्या, धोंडिबांच्या धाकट्या बहीण, वय वर्षं ब्याऐंशी, पांढऱ्या लुगड्यात.

अकराला दोघं धापा टाकत गच्चीच्या दारात पोचले. नेमका तेव्हा वारा सुटला होता आणि काळं कापड उडून पोटावर झोपलेल्या चांगदेवांवर पसरलं होतं. बाहेर फक्त त्यांचे दोन पाय दिसत होते. पलीकडे हार घातलेला फोटो होता, आणि शकू डब्यातला चहा कपात ओतत होती.

राजरत्नने चौकटीला धरलं. "भाऊजी," एवढाच शब्द त्याच्या तोंडून निघाला आणि तो चटईवर येऊन कोसळला. हौसाआत्यांनी खणखणीत गळा काढला.

"चटई हलवू नका," कापडाखालून आवाज आला. "फोकस केलाय."

हौसाआत्यांचा गळा जागच्या जागी थांबला. राजरत्नने कापड खेचलं. खाली भाऊजी होते, घामाघूम पण धडधाकट. राजरत्नने त्यांना बादलीसकट मिठी मारली आणि तो लहान मुलासारखा रडू लागला. रडून झाल्यावर त्याला राग आला.

"फोन काय शोभेला ठेवलाय का? आंबिवली ते ठाणे कसा आलोय मला माहिती! मी तर तुमच्या आठवणीत काय बोलायचं ते पण ठरवलेलं."

"काय ठरवलेलं?" चांगदेवांनी उत्सुकतेने विचारलं.

"जाऊ द्या आता."

हौसाआत्या गुडघे धरत फोटोसमोर बसल्या. "हा तर आपला धोंडिबा. याच्यासाठी मी एकदा पोटभर रडलेय. परत कशाला रडवता मला?"

मग सगळा उलगडा झाला. नक्कल कशाला हवी होती हे शकूने सांगायचं टाळलं, पण चांगदेवांनी सांगून टाकलं. राजरत्न बराच वेळ हार सारखा करत राहिला.

"ताई, मला एक शब्द बोलायचं होतंस. मी मागितलाच नसता."

"म्हणून तर बोलले नाही."

"तू ठेव फोटो. माझ्या घराला काय, मी दुसरं काही लावेन."

"नाही, तू ने. आईसमोर शब्द दिलाय मी."

"आईने मला तरी विचारलेलं का? तू ठेव."

"राजरत्न, ने म्हणते ना."

"नाही नेणार."

चांगदेवांच्या रोलमध्ये आता सहाच फोटो उरले होते. त्यांनी हार काढला आणि बहीण-भावांना कापडाची दोन टोकं धरून कॅमेऱ्यामागे बसायला लावलं. हौसाआत्या मध्ये बसल्या. कापडाआडून तू ठेव, तू ने चालूच होतं. एकतिसावा फोटो निघाला, मग बत्तिसावा. पस्तीस झाले तेव्हा शकू रडकुंडीला आली होती आणि राजरत्नचाही आवाज बसला होता. हौसाआत्यांना ते असह्य झालं.

"असं करा," त्या म्हणाल्या, "फोटोचे दोन तुकडे करा. मुंडकं शकूला द्या, कोट राजरत्नला. नाहीतरी कोट त्याचा नव्हताच."

मग शकूला हसू फुटलं, राजरत्नला फुटलं, आणि हौसाआत्या स्वतःच्याच बोलण्यावर डोलू लागल्या. कापड सुटून खाली पडलं. चांगदेव डोळे मिटून सेकंद मोजत होते. त्यांनी छत्तिसाव्याचं बटण दाबलेलं होतं.

रविवारी शकूने शब्द पाळला. धोंडिबा आंबिवलीच्या नव्या भिंतीवर गेले. तिथे वंदना झाली, खीर झाली, शकू सगळ्यांशी हसून बोलली. घरी परत आल्यावर मात्र संध्याकाळी मेणबत्ती लावून ती खिळ्यासमोर उभी राहिली आणि काही न बोलता आत निघून गेली. चांगदेवांनी ते बघितलं. दुसऱ्याच दिवशी ते रोल घेऊन डोंबिवलीला गेले आणि बुधवारी दोघं निकाल बघायला हजर झाले.

ऋतुराजने प्रिंट टेबलावर मांडल्या. पहिले वीस कोळशासारखे काळे, कारण दोन स्टॉप. पुढचे काही वाऱ्याने हललेले. तीन फोटोंत हार. एकात रघुंचा शर्ट. पण एकतिसावा असा काही उतरला होता की चांगदेवांनी चष्मा काढून पुसला. ना ट्यूबलाइट, ना खिडकी, ना माणूस. बाबा जसेच्या तसे, कोटाच्या घडीसकट.

"ओके," चांगदेव म्हणाले. एकतीस वर्षांत त्यांनी हा शब्द इतक्या प्रेमाने कधी उच्चारला नव्हता.

शकूनेही मान डोलावली. तिला बरं वाटलं. मग तिची नजर टेबलाच्या कडेला पालथ्या ठेवलेल्या एका प्रिंटवर गेली.

"तो वाया गेला काकू," ऋतुराज म्हणाला. "कापड पडलं ना, सगळी चमक आली. समोरून असल्यामुळे पोलरायझरपण काही करू शकला नाही."

शकूने प्रिंट उलटी केली. वर बाबांचा चेहरा स्वच्छ होता. खाली त्या मोठ्या काळ्या कोटात तीन माणसं बसलेली होती. पांढऱ्या सदऱ्यातला राजरत्न, पांढऱ्या लुगड्यातल्या हौसाआत्या आणि डावीकडे ती स्वतः, मोकळं हसणारी. कोटाच्या बटणाच्या जागी जावयांचं टक्कल होतं. बाबा जरा डावीकडे बघत होते, अगदी तिच्याकडे.

ती खुर्चीवर बसली.

"त्या दिवशी स्टुडिओत मी पण होते," ती म्हणाली. "बारा वर्षांची. मला पण फोटोत बसायचं होतं. पण फोटोवाला म्हणाला, पोरीला मागे बसवा. मग मी कॅमेऱ्याच्या बाजूला बाकावर बसले, रुसून. बाबा माझ्याकडे बघत होते. मी हसावं म्हणून. फोटो निघाला तरी मी काही हसले नाही."

चांगदेवांनी पन्नास वर्षांजवळ आलेल्या त्या नजरेकडे पुन्हा एकदा नीट बघितलं. मग त्यांनी खिशातून पेन काढलं, प्रिंटच्या मागे 'ओके' लिहिलं आणि खाली सही केली. एकतिसावा त्यांनी पाकिटात घातला.

ऋतुराजने कडीला रबरबँड गुंडाळून लेन्सवर गच्च बसलेला पोलरायझर एका झटक्यात काढला. चांगदेवांनी तो उजेडापुढे धरून तपासला आणि परत दिला.

"फिल्टर उत्तम आहे. आमचंच काम उलटं निघालं. आम्हाला चमक हवी होती."

छत्तिसावा फोटो शकूने संध्याकाळी खिळ्याला लावला आणि राजरत्नला मोबाइलवर पाठवला. मग चार दिवसांच्या साठलेल्या बातम्या बाबांना सांगायला बसली. तिच्या बातम्या अजून मंगळवारपर्यंतच आल्या होत्या, तेवढ्यात राजरत्नचा फोन आला.

"ताई, मला पण तोच हवा. आणि ऐक ना, इथे सगळ्यांनी बघितला. आमची पायल म्हणते, तिला आजोबांबरोबर कधी फोटोच काढता आला नाही. काकांकडचे पण विचारतायत. भाऊजींना म्हणावं, पुढच्या रविवारी कॅमेरा घेऊन या."

पुढच्या रविवारी आंबिवलीच्या त्या नव्या इमारतीच्या गच्चीवर पाट मांडला गेला. पाटावर टॉवेल, टॉवेलवर धोंडिबा. समोर उपडी बादली आणि तिच्यामागे चांगदेव पोटावर. त्यांच्या पाठीशी शकू, राजरत्न, धोंडिबांची आणि त्यांच्या भावाची मिळून अकरा नातवंडं-पतवंडं, दोन सुना आणि एक बहीण अशी दोन रांगांत बसली होती. काचेत ठसठशीत उठावं म्हणून सगळ्यांनी पांढरे कपडे घालून यावं, अशी सूचना चांगदेवांनी आठवडाभर आधीच देऊन ठेवली होती.

"खाली बघू नका. काचेत बघा," चांगदेव म्हणाले. "आणि हलू नका."

सगळे निश्चल झाले. तेव्हाच गच्चीच्या दारात खालच्या मजल्यावरचे एक गृहस्थ कपडे वाळत घालायला आले. त्यांनी पांढऱ्या कपड्यांतली ती शांत माणसं बघितली, पाटावरचा फोटो बघितला. बादली खाली ठेवली, चपला काढल्या आणि हात जोडले.

"नवीनच राहायला आलात ना तुम्ही?" ते हळू आवाजात राजरत्नला म्हणाले. "फार वाईट वाटलं. कधी गेले?"

"चौऱ्याऐंशी साली," राजरत्न म्हणाला आणि त्याने थोडं सरकून जागा केली. "या, बसा ना काका. तुमचा शर्ट पण पांढराच आहे."